पहिल्या गाठीच्या पुढे

११ ऑक्टोबर, शनिवार. दोर धुवायला घेतला आहे. पन्नास हात सुती दोर, त्याला चोवीस गाठी. बादलीत गरम पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत. दोराचा चिखल लगेच सुटतो, गाठींचा सुटत नाही. प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबून पिळावी लागते, तेव्हा आतून करडं पाणी येतं. हा चिखल १४ सप्टेंबरचा. एरवी अलकाबाई दोर स्वतः धुवायच्या, फेरी झाली की त्याच संध्याकाळी. त्या रविवारी त्यांनी धुतला नाही. ओला दोर तसाच पिशवीत भरून ठेवला होता. आज सकाळी पिशवी उघडली तेव्हा वास आला आणि मला ते कळलं. त्याच संध्याकाळी कळलं असतं, तर कदाचित... पण पिशवी त्यांच्या घरी होती आणि मी माझ्या.

बाई गेल्या त्यानंतरच्या गुरुवारी. सकाळी साडेदहाला मी दुकानात माल मोजत होते. मार्केट यार्डात आमचं बारदानाचं दुकान आहे, म्हणजे पोती, सुतळी, दोर, ताडपत्री. वडिलांनंतर वीस वर्षं मी चालवते. फोन श्रीकांतरावांचा होता, बाईंच्या यजमानांचा. त्यांनी मला नऊ वर्षांत एकदाही फोन केलेला नव्हता. "रोहिणीताई, अलका गेली," ते म्हणाले. मी विचारलं, "कधी?" "पहाटे. चहाला उठली नाही, म्हणून बघायला गेलो." मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली मोजणी पूर्ण केली. मोजणी मध्येच सोडायची नाही, ही आमच्या घराची शिस्त. मग शटर ओढलं आणि धायरीला बाईंच्या घरी गेले. ती मोजणी चुकली होती, असं दोन दिवसांनी गिऱ्हाइकाने सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

बाईंची आणि माझी ओळख या दोरानेच झाली. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. दुकानात आल्या त्या खांद्याला शबनम, पायात बूट, बुटांना चिखल. म्हणाल्या, "पन्नास हात दोर हवाय. हाताला टोचणार नाही असा." मी विचारलं, "म्हैस बांधायची आहे का?" "नाही, मुलं." मी वर बघितलं. चेहरा गंभीर होता. मी म्हणाले, "मुलं बांधायची असतील तर काथ्या नको, सोलून काढेल. नायलॉनही नको, ओढलं की कापतं. सुती घ्या." त्या म्हणाल्या, "टिकेल?" मी म्हणाले, "मुलांवर अवलंबून आहे." यावर त्या मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "मग रविवारी सहा वाजता स्वारगेटला या. दोराची खात्री तुम्हीच द्या." मी का गेले, मला आजही सांगता येणार नाही. रविवारी सकाळी घरात कपडे, दळण, फ्रीज पुसणं, अशी शंभर कामं असतात. पण विकलेल्या मालाबद्दल कुणी शंका घेतली की मला चैन पडत नाही.

ज्यांनी ती फेरी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शहरापासून तासाभरावर एक पठार आहे. नाव लिहीत नाही, बाईंनी कधी कुणाला लिहू दिलं नाही. पावसाळा सरत आला की तिथे कातळावरच्या उथळ पाण्यात जांभळी मंजिरी फुलते. वीतभर उंचीचे जांभळे तुरे, एकाला एक लागून, नजर जाईल तिथवर. मध्ये कातळाच्या अरुंद पट्ट्या उघड्या असतात, तेवढीच चालायची वाट. मोठी माणसं एक वेळ सांभाळून चालतील, पण पाच-सहा वर्षांचं मूल जांभळा रंग दिसला की थेट त्यात धावतं. एक मूल धावलं की त्याला आणायला बाप धावतो, आणि बापाचा बूट नऊ नंबरचा असतो. म्हणून दोर. दोन हातांवर एक गाठ, एका गाठीला एक मूल. "गाठ हातात, पाय दगडावर," एवढाच नियम. आईबाप आणि आजीआजोबा आपापल्या मुलाच्या मागे. दोराचं मोकळं टोक हातात घेऊन सगळ्यात पुढे बाई. आणि शेवटच्या गाठीच्या मागे मी, पहिल्या रविवारपासून.

माझं काम मोजणीचं. दर थांब्याला मी मागून आकडे पुकारायचे आणि ज्याच्या गाठीचा आकडा त्याने हात वर करायचा. आमच्या धंद्यात मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मी सवयीने तसंच पुकारलं. मुलं आधी गोंधळली, मग त्यांना त्याचं वेडच लागलं. पहिल्या गाठीसाठी भांडणं व्हायला लागली. "मागच्या वेळी तू लाभ होतास, आता मी!" एकदा एका आजोबांनीच पहिली गाठ पकडली आणि नातवाला देईनात. त्या दिवशी परत येताना बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, तू सगळ्यांना मोजतेस. मी कोण मग? शून्य?" मी म्हणाले, "तुम्ही माप. धान्य मोजतात, माप कोण मोजतं?" त्यांना ते फार आवडलं. पुढे कुणी ओळख विचारली की सांगायच्या, "ही रोहिणी, आमची मोजणीदार. आणि मी माप." मीही हसायचे. उत्तर चांगलं सुचलं याचा थोडा अभिमानही होता.

बाईंचा स्वभाव गोड वगैरे नव्हता. गेलेल्या माणसाला लोक उगाच गोड करतात. एका वडिलांनी फोनवर विचारलं, "फुलं नक्की दिसतील ना? गॅरंटी काय?" बाई म्हणाल्या, "फुलांचा मोबाइल नंबर माझ्याकडे नाही. असता तर विचारून कळवलं असतं." दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्या पठाराचा व्हिडिओ टाकला, 'पुण्याजवळची लव्हेंडरची शेतं' असं नाव देऊन. मग झुंबड. पांढरे झगे घालून, टोपल्या घेऊन लोक यायला लागले. एक जोडपं तर फोटोवाल्यासकट आलं होतं. मुलीने बाईंना विचारलं, "मॅम, लव्हेंडर फील्ड्स हेच ना?" बाई म्हणाल्या, "नाही. ही लव्हेंडरची लांबची बहीण, आणि आपल्या तुळशीची सख्खी पुतणी. तुळशीवर बसून फोटो काढाल का घरी?" फोटोवाला हळूच ट्रायपॉड मिटायला लागला. पण मुलगी बिचारी खरंच ओशाळली. मग बाईंनी तिला सगळ्यात रुंद कातळ दाखवला, तिथे उभं केलं आणि स्वतः सांगितलं, "इथून काढ. मागे सगळं जांभळं येतं, आणि पायाखाली काही मरत नाही."

तुळशीचं असं होतं की बाई दर फेरीला घरच्या कुंडीतल्या चार-सहा मंजिऱ्या ओल्या रुमालात गुंडाळून आणायच्या. पठारावरचं काही तोडायचं नाही, मग मुलांनी हातात काय घ्यायचं? तुळस. एक मंजिरी पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत हातोहात जायची. तिचा वास घ्यायचा, खोड बोटांत फिरवायचं. "गोल आहे का?" बाई विचारायच्या. "चौकोनी!" मुलं ओरडायची. मग पुदिना, सब्जा, तुळस, समोरची मंजिरी आणि ते परदेशातलं लव्हेंडर सगळे एकाच घरातले कसे, ते सांगायच्या. म्हणजे सांगत असणार. मी पन्नास हात मागे. वाऱ्यात तिथवर काही पोचत नसे. पोचायची ती तुळस, चोवीस हातांतून चुरगळून आलेली, आणि पुढचं हसणं. नऊ वर्षांत बाईंचं बोलणं मी सलग असं एकदाही ऐकलं नाही. कधी म्हणाले की पुढे येऊन ऐकते, तर म्हणायच्या, "मग मागे कोण? तू मागे असतेस म्हणून मी मागे वळून बघत नाही."

आता १४ सप्टेंबरबद्दल लिहिते. त्यासाठीच हे लिहायला बसले.

फूल त्या दिवशी ऐन भरात होतं. चोवीसच्या चोवीस गाठी भरलेल्या. चढावर बाई दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मुलांना बेडूक दाखवला, म्हणून मला वाटलं बेडकासाठी थांबल्या. वर पठारावर, मोजणीच्या दुसऱ्या थांब्याला, त्या कातळावर बसल्या. हे नवीन होतं. बाई बसत नसत. मोजणी करून मी पुढे गेले. त्यांचा चेहरा घामेजला होता, पण ऊन होतं, मीही घामेजले होते. म्हणाल्या, "रोहिणी, आज तू पुढे हो. मी शेपटाला येते." मी म्हणाले, "काहीतरीच काय बाई. मला बोलता येत नाही. तासभर तर राहिलाय, चला." "अगं, बोलायचं काय त्यात? दोर धरायचा आणि चालायचं." मी म्हणाले, "मुलं तुम्हाला ऐकायला आलीत. मला ऐकायला मार्केट यार्डात या म्हणावं." त्या हसल्या. गुळाचा खडा तोंडात टाकला, दोन मिनिटं बसल्या, माझा हात धरून उठल्या आणि दोराचं टोक उचललं. हात गार होता. हे मला तेव्हाही कळलं होतं. मी मागे जाऊन उभी राहिले.

तिसऱ्या टप्प्यात रांग सारखी अडत होती. दहा पावलं चालायचं, थांबायचं. परत दहा पावलं. मागे शेवटच्या गाठीवरची चार वर्षांची मुलगी कंटाळून रडायला लागली. बसवाल्याला मी साडेअकराची वेळ दिली होती. मी दोन्ही हात तोंडाशी धरून पुढे ओरडले, "काय अडलंय पुढे? चला की!" रांग चालायला लागली. त्यानंतर मध्ये कुठेही थांबली नाही. खाली उतरल्यावर मी मोजणी केली. लाभ, दोन, तीन, चोवीसपर्यंत. सगळे हात वर आले. मोजणी बरोबर होती.

बाई गेल्यावर दहाव्या दिवशी मी धायरीला गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. श्रीकांतराव मला बाजूला बाल्कनीत घेऊन गेले. हा मनुष्य बँकेत होता, कमी बोलणारा. बाईंच्या फेऱ्यांना 'अलकाचं गवत' म्हणायचा आणि कधी आलेला नव्हता. म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. डॉक्टरांनी तिला चढ चढायला मनाई केली होती. शुक्रवारची तपासणी ठरली होती. मी म्हणालो, रविवारी जाऊ नकोस. तर म्हणाली, फूल माझ्यासाठी थांबणार आहे का? चढ तेवढा सावकाश चढते, वर गेलं की रोहिणीला पुढे करते आणि मी मागून रमतगमत येते. म्हणून मी सोडलं. तुम्ही होतात म्हणून बरं. निदान शेवटची फेरी तिला आरामात झाली."

मी मान हलवली.

तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. आतून कुणीतरी चहा घेऊन आलं, मी कप घेतला, प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले. रात्री जेवले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस कोसळतो. तसं काही होत नाही. पोतं उचलताना, सुतळीचा तोडा बांधताना, रिक्षात, कुठेही, फक्त एक गोष्ट ऐकू येत राहते, आणि ती आपलाच आवाज असते. चला की.

तपासणी शुक्रवारी होती. गुरुवार आधी आला. मी पुढे झाले असते तर गुरुवार टळला असता का, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मी विचारलं होतं, माझ्या ओळखीच्या एकांना. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही हो." हे उत्तर 'हो'पेक्षा बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उद्याची, १२ ऑक्टोबरची फेरी ऑगस्टमध्येच भरलेली होती. या मोसमातली शेवटची. फेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लोक दबकत विचारत होते, "फेरी आहे की...?" बाईंचा फोन श्रीकांतरावांकडे, त्यांना उत्तर देता येईना. म्हणून आज सकाळी दोन कामं ठरवून मी धायरीला गेले. फेरी रद्द झाल्याचं त्यांच्यासमोर लिहून टाकायचं, आणि त्यांना खरं सांगायचं. दुसरं आधी केलं. उभ्यानेच. "श्रीकांतराव, त्या दिवशी मी पुढे नव्हते. बाई म्हणाल्या होत्या, मी नाही म्हणाले. बाईच पुढे चालल्या, शेवटपर्यंत. आणि मी मागून त्यांना घाई केली."

ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसले. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग म्हणाले, "तुम्हाला एकदा विचारलं तिने?"

"दोनदा."

"मला नऊ वर्षं विचारत होती. चला, नुसतं मागून चाला, काही बघू नका. मी म्हणायचो, गवत बघायला मी काय बैल आहे?" ते उठले, आत गेले आणि पिशवी घेऊन आले. "हे तिने रविवारी इथे ठेवलंय. मी हात लावला नाही. उद्याचं रद्द केलंत का?"

"करायचंय."

"करू नका. मी येतो. पण मागे. मला पुढे बोलता यायचं नाही."

"मलाही येत नाही."

"मग आपल्या दोघांत अवघड आहे," ते म्हणाले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. ते हसू फार टिकलं नाही. मग दोघंही बाल्कनीतल्या कुंडीकडे बघत बसलो. तुळस सुकत चालली होती, बहुतेक कुणाला पाणी घालायचं सुचलं नव्हतं. मी उठून तांब्याभर पाणी घातलं.

निघताना त्यांना मोजणी समजावली. आकडे मागून पुकारायचे, पहिल्याला लाभ म्हणायचं, हात वर आल्याशिवाय पुढचा आकडा नाही. एक बदल सांगितला. "पहिल्या गाठीपासून नाही मोजायचं. दोर धरणाऱ्यापासून मोजायचं." त्यांनी विचारलं, "तशी पद्धत आहे का?" मी म्हणाले, "उद्यापासून आहे."

दोर गच्चीवर टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या दांडीपर्यंत तीन फेऱ्यांत वाळत घातला आहे. दोर संध्याकाळपर्यंत वाळेल. गाठी वाळणार नाहीत, सुती गाठ आत पाणी धरते. उद्या मुलांच्या हाताला ओल लागेल. चालेल.

पुढचं सोमवारी लिहिते आहे.

रविवारी सकाळी पावणेसहाला स्वारगेटला पोचले तर श्रीकांतराव आधीच उभे होते, पांढरे नवे बूट घालून. हातात ओला रुमाल. त्यात तुळशीच्या तीन मंजिऱ्या. "एवढ्याच चांगल्या होत्या," ते म्हणाले. वर पठारावर वारा होता. मंजिरी उतरणीला लागली होती, कडेचे तुरे तपकिरी झाले होते, पण मध्यावर अजून जांभळं होतं. मी दोराचं टोक हातात घेतलं, मुलांना गाठी दिल्या आणि म्हणाले, "मला फुलांचं फारसं कळत नाही. मला दोराचं कळतं. बाईंनी जे सांगितलं असतं, त्यातलं मला जेवढं मागे ऐकू यायचं तेवढं सांगते." आणि तुळस पहिल्या गाठीवरच्या मुलीकडे दिली. तिने खोड बोटांत फिरवलं. मी विचारलं, "गोल आहे का?" आधी येऊन गेलेली चार-पाच मुलं होती, ती मला पुढचं बोलूच देईनात. पुदिना, सब्जा, चुलत, मावस, सगळं त्यांनीच सांगितलं. मी मध्ये फक्त "पाय दगडावर" म्हणत राहिले. बाई तिथे काय सांगायच्या, ते मला नऊ वर्षांनी त्या मुलांकडून सलग ऐकायला मिळालं.

दुसऱ्या थांब्याला, त्याच कातळापाशी, मागून पुकारा आला. आवाज बारीक होता, सवय नसलेला.

"लाभ!"

मी सवयीने पहिल्या गाठीकडे बघितलं. त्या मुलीने हात वर केलेला नव्हता. ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "मावशी, तुम्हाला म्हणतायत. ते पुढचं बोलत नाहीयेत, थांबलेत."

मी हात वर केला.